शहाबादी फरशीवरची सावली: ब्लेंडरच्या कंपोझिटरचे परीक्षण

सोलापुरात जाहिरातींसाठी ॲनिमेशन करणाऱ्या लहान स्टुडिओंकडे जे काम येते, त्यातले बरेचसे एकाच जातीचे असते. चादर-टॉवेलचे कारखानदार, सराफ, साड्यांची दुकाने आणि प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालये यांना खऱ्या जागेचे चित्रीकरण हवे असते आणि त्या चित्रीकरणात संगणकावर घडवलेली एखादी वस्तू खऱ्यासारखी वावरायला हवी असते. अख्खे जग संगणकात उभे करण्याइतका पैसा कुणी देत नाही. अशा कामात मॉडेल किती सुबक आहे यापेक्षा वस्तू जमिनीला टेकलेली वाटते की नाही याला महत्त्व येते, आणि तो निवाडा सावली करते. ग्राहक सावलीविषयी कधीच बोलत नाही. तो पडद्याकडे बघत राहतो आणि "बाकी सगळं बरोबर आहे, पण चादर अजून तरंगायलाच लागलीय की," एवढेच म्हणतो. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते.

हे परीक्षण ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरच्या तेवढ्याच भागाचे आहे. थर वेगवेगळे रेंडर करणे (म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेणे), सावली स्वतंत्र काढणे आणि चित्रीकरणावर हे सगळे पुन्हा एकत्र बसवणे, म्हणजेच कंपोझिटिंग, या कामात ते कितपत भरवशाचे आहे एवढेच येथे तपासले आहे. मॉडेलिंग, रिगिंग किंवा शिल्पकामाची साधने यांच्याबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही. वापरलेली आवृत्ती ४.५ आहे. ती जुलै २०२५ मध्ये आली आणि तिला दोन वर्षे दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. हाती घेतलेले काम ज्या आवृत्तीत सुरू झाले त्याच आवृत्तीत संपवणे शहाणपणाचे असते, म्हणून अशी दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडावी. माझे मत आधीच सांगतो. वीस-तीस सेकंदांच्या जाहिरातीसाठी, कॅमेरा स्थिर किंवा साधा फिरता असेल तर, दुसरे कोणतेही कंपोझिटिंग सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण उरलेले नाही. मात्र सावलीच्या बाबतीत जे यश मिळते ते सायकल्स या रेंडर इंजिनाचे आहे. नोडांच्या, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या क्रियांच्या चौकटींच्या, कंपोझिटरला त्याचे सगळे श्रेय देता येत नाही, आणि थरांची मांडणी ही अजूनही डोकेदुखीच आहे.

ब्लेंडरचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे तो थोडक्यात आटोपतो. नेदरलँड्समध्ये टॉन रोझेंडाल यांनी १९९४ च्या सुमारास स्वतःच्या स्टुडिओसाठी हा प्रोग्राम लिहिला. पुढे त्यामागची कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांकडून एक लाख युरो जमवून त्याचा स्रोत खुला करण्यात आला. आज तो उतरवून घेण्याला पैसे पडत नाहीत, त्यात केलेल्या कामावर कुणाचा हक्क लागत नाही आणि व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. नोडांवर चालणारे कंपोझिटिंग, कॅमेरा ट्रॅकिंग आणि मास्क, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग वेगळा करणारा आकार, काढण्याची साधने त्याच खिडकीत मिळतात. छोट्या गावात ज्यांना दरमहा भाडे भरून सॉफ्टवेअर वापरणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हा मोठाच आधार आहे.

परीक्षणासाठी जे काम डोळ्यांसमोर ठेवले आहे ते असे. एका जुन्या वाड्याच्या चौकात दुपारच्या उन्हात कॅमेरा तिपाईवर ठेवून शहाबादी फरशीचे चित्रण केलेले आहे. त्या फरशीवर गडद लाल रंगाची, जेकार्ड नक्षीची सोलापुरी चादर हवेतून उलगडत येते, तिच्या दशा आधी फरशीला टेकतात आणि मग अंग टेकते. चौकाच्या एका बाजूला भिंत आहे आणि तिची खरी सावली चित्रणात आधीपासून पडलेली आहे. चादर अर्धी उन्हात आणि अर्धी त्या सावलीत उतरते. सावलीचे जेवढे म्हणून प्रश्न असतात ते बहुतेक सगळे या एका दृश्यात गोळा झालेले आहेत.

पहिला प्रश्न सूर्याचा. ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाची जोड मिळते. तिला अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ दिली की सूर्य त्या जागी नेऊन ठेवला जातो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरत असल्याने आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटे झालेली असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारी चित्रण केले तर सावलीला बाजूच उरत नाही आणि हवेतून येणारी चादर किती उंचीवर आहे हे डोळ्याला कळायला आधार राहत नाही. साडेतीन-चारची वेळ बरी. चित्रणाची वेळ नोंदवून ठेवलेली असेल तर ही जोड दिशा अचूक देते. फक्त चौकाची उत्तर दिशा होकायंत्राने पाहून ठेवायला हवी.

दिशेनंतर सावलीची कड. सूर्याचे बिंब आकाशात साधारण अर्ध्या अंशाचे दिसते आणि ब्लेंडरच्या सूर्यदिव्याला तेवढाच कोन आधीपासून दिलेला असतो. सूर्य डोक्यावर धरून हिशेब केला तर फरशीपासून एक मीटर उंचीवर असलेल्या कडेची सावली खाली पोचेपर्यंत सुमारे ९ मिलिमीटरपर्यंत विरते. तीच कड पाच सेंटिमीटरवर आली की विरलेला पट्टा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उरतो. चादर खाली येताना सावली गडद होत जाते असे आपण म्हणतो, पण डोळा प्रत्यक्षात पाहत असतो ती कडेची ही धार. सायकल्समध्ये हे आपोआप घडते. काळा धूसर आकार काढून त्याला ब्लर देणारे जे आहेत, त्यांच्या सावलीला सगळीकडे एकसारखी कड असते, आणि ग्राहकाला चादर तरंगताना दिसते ती तिथेच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चित्रणातल्या फरशीच्या जागी ब्लेंडरमध्ये एक साधा सपाट पृष्ठभाग ठेवायचा आणि त्याच्या गुणधर्मांत शॅडो कॅचर ही खूण करायची. असा पृष्ठभाग रेंडरमध्ये स्वतः दिसत नाही, त्याच्यावर पडलेली सावली तेवढी दिसते. ही सोय २.७९ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये आली. तेव्हा ती कामचलाऊ होती. तिच्यातून मिळायची ती केवळ काळी पारदर्शक सावली. डिसेंबर २०२१ मधल्या ३.० आवृत्तीत सायकल्स नव्याने लिहिले गेले आणि कॅचरची रीतच बदलली. आता इंजिन दोन हिशेब करते. आपण घडवलेली वस्तू दृश्यात असताना फरशीवर किती प्रकाश पोचतो हा एक, आणि ती वस्तू नसताना किती पोचला असता हा दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागले की प्रत्येक बिंदूसाठी एक गुणोत्तर मिळते. जिथे काही बदल नाही तिथे ते १ असते, सावलीत ते १ पेक्षा कमी असते. शॅडो कॅचर हा पास सुरू केला की हे गुणोत्तर स्वतंत्र चित्र म्हणून हाती येते आणि चित्रणाला त्याने गुणायचे असते.

हे तत्त्व नवे नाही. खऱ्या छायाचित्रात संगणकीय वस्तू बसवताना वस्तू असतानाचे आणि नसतानाचे अशी दोन रेंडर करून त्यांतला फरक छायाचित्रात मिळवण्याची पद्धत पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये मांडली होती. सायकल्स वजाबाकीऐवजी भागाकार करते आणि दोन्ही हिशेब एकाच फेरीत उरकते एवढाच आपल्या दृष्टीने फरक आहे. पण व्यवहारात त्याचे मोल फार आहे, आणि ते भिंतीच्या सावलीत कळते.

चौकातल्या भिंतीची सावली चित्रणात आधीच आहे. चादरीची सावली तिच्यावर जाते तेव्हा तिथे ती दिसता कामा नये, कारण ज्या सूर्याला चादर अडवते आहे त्याला भिंतीने अगोदरच अडवलेले आहे. साधी काळी सावली वरून गुणली तर तिथे दुहेरी काळोख होतो आणि तो नवख्या डोळ्यालाही खटकतो. यावर उपाय असा की भिंतीच्या जागी ढोबळ ठोकळा उभा करून त्यालाही शॅडो कॅचर ठरवायचे. मग भिंतीने अडवलेला प्रकाश दोन्ही हिशेबांत सारखाच धरला जातो, भागाकारात तो निघून जातो आणि गुणोत्तरात राहतो तो फक्त चादरीमुळे झालेला बदल. सावलीच्या भागात चादर टेकते तिथे आकाशाचा मंद उजेड अडल्यामुळे होणारा हलकासा काळोख मात्र शिल्लक राहतो, आणि तो राहायलाच हवा. हा ठोकळा उभा करायला फार वेळ लागत नाही. भिंतीची उंची आणि अंतर जागेवर टेपने मोजून आणलेले असले म्हणजे झाले.

दुसरा लाभ रंगाचा. उन्हातली सावली कधीच काळी नसते, तिच्यात आकाशाचा निळसर उजेड भरलेला असतो. चौकाच्या वर मोकळे आकाश असेल तर शहाबादीच्या करड्या फरशीवर हा निळेपणा चांगला जाणवतो. गुणोत्तर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांसाठी वेगळे निघत असल्याने सूर्य पिवळसर आणि आकाश निळे ठेवले की सावलीला तो रंग आपोआप येतो. शिवाय उन्हात असलेल्या लाल चादरीवरून परतलेला तांबूस उजेड तिच्या कडेलगतच्या फरशीवर पडतो. तिथे लाल घटकाचे गुणोत्तर १ च्याही वर जाते. काळ्या पारदर्शक सावलीत हे कधीच शक्य नव्हते, कारण ती फक्त काळोख करू शकते, उजेड घालू शकत नाही. फरशीवरची ही पुसट लाली कुणाला वेगळी दाखवता येणार नाही, पण ती काढून टाकली की चादर परत उचलली जाते.

एक खाचखळगा येथे सांगायला हवा, कारण त्यावर अनेकजण अडतात. शॅडो कॅचर पास बंद असेल तर सावली अंदाजे काळ्या रूपात मुख्य चित्रातच मिसळून येते. पास सुरू केला की मुख्य चित्रात फक्त वस्तू राहते आणि सावली वेगळ्या पासात जाते. म्हणून आधी चित्रणाला पासाने गुणायचे आणि नंतर त्यावर अल्फा ओव्हर या नोडने चादर ठेवायची, हा क्रम पाळावा लागतो. पास सुरू करून गुणाकाराचा नोड विसरला तर सावलीच गायब होते आणि माणूस दिवे तपासत बसतो. सेटिंगच्या या टोकाचा त्या टोकाशी असलेला संबंध खिडकीत कुठेही लिहिलेला नाही, ही मांडणीतली उणीवच म्हणायची.

हा गुणाकार कोणत्या आकड्यांवर होतो हेही महत्त्वाचे आहे. ब्लेंडरचा कंपोझिटर रेषीय, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असलेल्या, प्रकाशमूल्यांवर काम करतो. फरशीवरचा उजेड निम्मा झाला तर पांढऱ्याचे २५५ हे मूल्य पडद्यावर साधारण १८८ होते. तोच गुणाकार पडद्यासाठी वाकवलेल्या मूल्यांवर केला तर ते १२८ वर येते आणि सावली नको तेवढी घट्ट होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये रेषीय काम करण्यासाठी वेगळी खूण करावी लागते, तिथून आलेल्यांना ब्लेंडरमधली सावली पहिल्यांदा फिकी वाटते. ती फिकी नसते. आपल्याच डोळ्याला गडद सावलीची सवय झालेली असते.

पण रंगव्यवस्थेबद्दल माझी तक्रारही आहे. ४.० पासून नव्या फाइलीत एजीएक्स हे दृश्यरूपांतर (प्रकाशमूल्ये पडद्यासाठी वळवण्याची रीत) आपोआप निवडलेले असते. पूर्ण संगणकीय दृश्यासाठी ते उत्तम आहे. भडक उजेड ते छान आवरते. मात्र कॅमेऱ्याच्या चित्रणात कॅमेऱ्याने आधीच स्वतःचा उतार घातलेला असतो आणि त्यावर एजीएक्सचा दुसरा उतार बसला की फरशी पांढुरकी, चेहरे निस्तेज आणि सगळे चित्र धुतल्यासारखे होते. अशा कामात रूपांतर स्टँडर्डवर आणावे आणि चादरीवरचे उजेड हाताने काबूत ठेवावेत, हाच सोपा मार्ग आहे. चित्रणावर काम करणाऱ्यांची संख्या पाहता, निदान कंपोझिटरमध्ये व्हिडिओ आणला की एक सूचना यायला हरकत नव्हती.

दशांकडे वळतो. चादरीच्या टोकाचे मोकळे धागे हा कोणत्याही कंपोझिटिंगचा खरा कस असतो, कारण एकेक धागा पूर्ण पिक्सेलही व्यापत नाही. पिक्सेलचा किती भाग झाकला गेला हे सांगणारा अल्फा नावाचा चौथा घटक एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये योजला. त्यावर एका चित्रावर दुसरे ठेवण्याचे गणित टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले. रंग अल्फाने आधीच गुणून ठेवलेला असावा ही त्यांची रीत ब्लेंडर आतून पाळतो. त्यामुळे सायकल्समधून थेट कंपोझिटरमध्ये आलेल्या दशांना कड लागत नाही. पीएनजीमध्ये मात्र रंग न गुणता ठेवलेला असतो. मध्येच कुणी थर पीएनजीत काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या समजुतीने उघडला, की धाग्यांभोवती काळी किंवा पांढरी रेघ उमटते. ती रेघ पुसण्यासाठी मास्क आत सरकवण्याचा जो सार्वत्रिक उपाय आहे, त्याने रेघेबरोबर दशाही जातात. ओपनईएक्सआर हे फाइलस्वरूप वापरावे आणि हा विषय संपवावा.

थरांची व्यवस्था, म्हणजे व्ह्यू लेयर, हा या सॉफ्टवेअरचा मला सर्वांत कमी आवडलेला भाग आहे. २०१९ मधल्या २.८० आवृत्तीपासून वस्तू कलेक्शनमध्ये ठेवायच्या आणि कोणते कलेक्शन कोणत्या व्ह्यू लेयरमध्ये दिसावे हे ठरवायचे अशी पद्धत आहे. चादर एका थरात आणि शेजारचा पितळी तांब्या दुसऱ्या थरात काढायचा असेल, तर चादर नुसती वगळून चालत नाही. वगळली की तिची सावली आणि तांब्यातले तिचे प्रतिबिंब हेही जातात. त्यासाठी त्या थरापुरते चादरीचे कलेक्शन इनडायरेक्ट ओन्ली करावे लागते, म्हणजे कॅमेऱ्याला ती दिसत नाही पण सावली आणि प्रतिबिंब राहतात. तांब्याने चादरीचा काही भाग झाकलेला असेल, तर चादरीच्या थरात तांब्याला होल्डआउट करून तेवढे भोक पाडावे लागते. तत्त्व स्वच्छ आहे, पण या खुणा कलेक्शनच्या यादीत एकेका बारीक चिन्हामागे दडलेल्या असतात, त्यांतली काही चिन्हे मुळात दिसतही नाहीत आणि गाळणीच्या (फिल्टर) यादीतून ती चालू करावी लागतात. थर वाढले की कोणत्या थरात काय झाकले आहे हे कागदावर लिहून ठेवण्यावाचून इलाज राहत नाही.

शिवाय प्रत्येक व्ह्यू लेयर स्वतंत्रपणे रेंडर होतो. तीन थर म्हणजे जवळजवळ तीन रेंडरांचा वेळ. पर्सिस्टंट डेटा ही खूण केली तर दर वेळी दृश्य नव्याने उभारण्याचा वेळ वाचतो, प्रकाशाच्या हिशेबाचा वाचत नाही. म्हणून जिथे पास पुरेसा आहे तिथे थर करू नये, असा नियम मी लावतो. पास एकाच रेंडरमधून निघतात. डिफ्यूज, म्हणजे पृष्ठभागाच्या मूळ, रंगाला त्याच्या थेट आणि परावर्तित प्रकाशाच्या बेरजेने गुणायचे, चकाकीचे तसेच करायचे, असे सगळे मिळवले की मूळ चित्र जसेच्या तसे परत येते. ३.२ पासून दिव्यांचे गट वेगळे काढता येतात, त्यामुळे ऊन आणि आकाश यांचे प्रमाण चादरीवर नंतरही बदलता येते. क्रिप्टोमॅट ही सोय तर या दामात, म्हणजे फुकटात, मिळते यावर विश्वास बसत नाही. साय-ऑप या स्टुडिओत २०१५ च्या सुमारास तयार झालेली ही पद्धत प्रत्येक पिक्सेलमध्ये कोणत्या वस्तूचा किती वाटा आहे हे नोंदवते. चादरीवर टिचकी मारली की दशांसकट तिचा नेमका मास्क हाती येतो. अंतराच्या पासावरून कापलेल्या मास्कला ज्या दातेरी कडा येतात त्या येथे नसतात.

कारखानदारांची एक ठरलेली मागणी असते. रेंडर झाल्यावर ते म्हणतात, "हीच चादर हिरव्यात पण दाखवा." क्रिप्टोमॅटचा मास्क आणि डिफ्यूज रंगाचा पास घेऊन नक्षी न बिघडवता रंग बदलणे काही मिनिटांचे काम आहे, आणि येथपर्यंत ब्लेंडर वाहवा घेऊन जातो. पण फरशीवर पडलेली ती पुसट लाली शॅडो कॅचर पासात जाऊन बसलेली असते आणि हिरव्या चादरीखाली ती तशीच राहते. तिच्यातला रंग काढून राखाडी करणे हा तात्पुरता उपाय आहे; मग सावलीतला निळेपणाही जातो. पैसे नीट मिळत असतील तर हिरव्या चादरीसह पुन्हा रेंडर करावे. ग्राहकाला रंग बदलणे फुकट आहे असे आधीच सांगून टाकू नये हे बरे.

हलत्या वस्तूच्या धूसरपणाबाबतही अशीच एक मर्यादा आहे. रेंडरचा वेळ वाचवण्यासाठी काहीजण गतीचा वेक्टर पास काढून कंपोझिटरमध्ये धूसरपणा देतात. त्या पासात पृष्ठभागाची गती असते. सावली ज्या फरशीवर पडते ती तर जागची हलत नाही, त्यामुळे चादर धूसर होते आणि तिची सावली मात्र दगडावर कोरल्यासारखी राहते. झटकन उलगडणाऱ्या चादरीत हे लगेच दिसते. येथे रेंडर करतानाच खरा मोशन ब्लर घ्यावा. तो घेतला की सायकल्स वेक्टर पास देत नाही, पण मग त्याची गरजही उरत नाही.

खरखर घालवण्यासाठी इंटेलच्या ओपन इमेज डिनॉइज या साधनाचा नोड २.८१ पासून आहे आणि तो एकेका चित्रावर फार उत्तम चालतो. हलत्या चित्रात, विशेषतः मऊ सावलीच्या पट्ट्यात, तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा विचार करत असल्याने सावली किंचित उकळल्यासारखी होते. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले प्रकाशाचे नमुने, वाढवणे हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय. आणि एवढी गुळगुळीत झालेली सावली कॅमेऱ्याच्या दाणेदार चित्रणावर ठेवताना चादरीला तेवढाच दाणा द्यायला विसरू नये. त्यासाठी या आवृत्तीत तयार नोड नाही, तो स्वतः जुळवावा लागतो. ही उणीव लहान वाटली तरी रोजच्या कामात बोचते.

साठवणुकीचा हिशेबही पाहायला हवा. ओपनईएक्सआर हे स्वरूप इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने घडवले आणि २००३ मध्ये खुले केले. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात एका घटकाला १६ बिटांत साधारण ४ मेगाबाइट लागतात. तीन घटकांचे दहा पास धरले तर एका फ्रेमला दाबण्यापूर्वी सुमारे १२४ मेगाबाइट, आणि २५ फ्रेमच्या गतीने वीस सेकंदांच्या जाहिरातीला ६२ गिगाबाइट होतात. कॉम्प्रेशनने यात बरीच घट होते. क्रिप्टोमॅटच्या घटकांना मात्र ३२ बिट आणि माहिती न गमावणारेच कॉम्प्रेशन द्यावे. तिथे काटकसर केली तर मास्क फुटतात. रेंडर कधीही थेट व्हिडिओत काढू नये. वीज गेली तर चित्रांच्या मालिकेत एक फ्रेम जाते, व्हिडिओची अख्खी फाइल जाते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज जाणार नाही हे धरून चालण्यात अर्थ नाही.

इतर पर्यायांशी तुलना लांबवण्यासारखी नाही. न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर नोडांचे जाळेही सुरळीत चालते आणि चित्रपटांच्या मोठ्या कामांत तेच वापरतात, पण त्याचे भाडे आपल्याकडच्या जाहिरातींच्या बजेटला झेपत नाही. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन हा कंपोझिटर मिळतो. हलत्या कॅमेऱ्याचे लांबलचक चित्रण असेल, माणसांच्या कडा फ्रेमगणिक कापायच्या असतील, किंवा शेवटी रंगकाम करायचे असेल, तर ओपनईएक्सआर काढून तिथे जाणेच सोयीचे. ब्लेंडरचा कंपोझिटर ४.२ पासून अंतिम रेंडरसाठीही ग्राफिक कार्डावर चालू लागला आणि पूर्वीची ताटकळ बरीच कमी झाली, तरी चित्रण पुढेमागे करून पाहण्याची सहजता त्यात अजून नाही. आणि कंपोझिटिंग हवेच असेही नाही. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच झाला आणि त्यात कंपोझिटिंग केलेलेच नाही, रंगांची जुळवाजुळव शेडरमध्येच, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाच्या मांडणीतच, केली. पण त्यातली जमीनही संगणकातलीच होती. आपली फरशी खरी आहे, त्यामुळे ती पळवाट आपल्याला नाही.

त्याच चित्रपटासाठी वापरलेले ईव्ही हे वेगवान इंजिन या कामात मात्र हात वर करते. त्यात शॅडो कॅचर नाही. शेडरमधून प्रकाशाचे रंगात रूपांतर करून त्यापासून अल्फा काढण्याची एक युक्ती प्रचलित आहे आणि लग्नाच्या आमंत्रणातल्या कलशाखाली, सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर, ती चालून जाते. भिंतीच्या सावलीचा भागाकार किंवा फरशीवरची लाली तिच्यातून मिळत नाही. त्यामुळे हे परीक्षण वाचून कुणी यंत्र घ्यायला निघणार असेल, तर सायकल्स चालवील असे ग्राफिक कार्ड आणि त्यावर निदान १२ गिगाबाइट मेमरी यांवर पैसा घालावा, प्रोसेसरवर थोडी काटकसर चालेल. आणि चित्रणाला जाताना पिशवीत टेप, होकायंत्र व एक राखाडी चेंडू टाकायला विसरू नये. फरशीवर ठेवलेल्या त्या चेंडूच्या सावलीशी रेंडरमधली सावली कडेला कड लावून पाहता येते.